त्रेचाळीस जणांचा वाढदिवस

दर वर्षी चौदा जानेवारीला बल्गेरियातल्या आमच्या ब्रेस्तेन गावच्या चौकात एका पुतळ्यापुढे फुलं ठेवतात आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. पुतळा हसनचा आहे. खाली नाव आहे असेन मिहायलोव. हातात क्लॅरिनेट दिली आहे, पण उजवा हात वर आणि डावा खाली. असं धरून एक धड सूर काढून दाखवा, मी जन्मभर तुमची फुकट दाढी करीन. शिल्पकार राजधानीतून आणला होता. वीस वर्षांत समितीतल्या एकाच्याही नजरेला ते हात खुपले नाहीत. रेमझीला मात्र पडदा बाजूला झाला तेव्हाच दिसलं, आणि तो मोठ्याने म्हणाला, "हे कोण? हा तर काठी धरून मेंढरं राखतोय." लोकांना वाटलं म्हातारा गमतीत बोलतोय.

ही गोष्ट रेमझीची आहे. हसनवर पुस्तिका निघाल्या, टीव्हीवर कार्यक्रम झाले, संगीतशाळेला त्याचं नाव दिलं. त्याच्या शेजारी उभा राहून ढोल वाजवणाऱ्यावर कोण लिहिणार? मी न्हावी आहे. आदेम माझं नाव. मोहल्ल्याच्या तोंडाशी माझं दुकान आहे आणि गेली तीस वर्षं रेमझीची दाढी मी करतोय. तेव्हा लिहायचं तर मीच लिहायला हवं, वेडंवाकडं का होईना.

रेमझी कल्हईवाल्याचा मुलगा. बापाचा भाता ओढता ओढता ताल हातात बसला, असं त्याची आई सांगायची. वीस वर्षांचा असताना त्याने अक्रोडाच्या लाकडाचा ढोल स्वतः केला, बोकडाचं कातडं स्वतः कमावून चढवलं. एका बाजूला जाड काठी, दुसऱ्या बाजूला बारीक छडी. त्याच साली हसनने त्याला लग्नाला नेलं आणि मग एकवीस वर्षं सोडलं नाही. दिवसा दोघंही मिरच्या डबाबंद करायच्या कारखान्यात, शनिवार-रविवार कुठल्या तरी लग्नात. हसन कायम त्याच्या डाव्या हाताला उभा राहायचा, क्लॅरिनेटचं तोंड थेट रेमझीच्या कानाशी. त्यात रेमझीचा डावा कान गेला. अजूनही त्याच्याशी बोलायचं तर मला खुर्चीच्या उजवीकडून बोलावं लागतं.

हसन मऊ माणूस. कोणी काही बोललं की हसून सोडून द्यायचा. राग धरायचं काम त्याने रेमझीवर सोपवलेलं होतं. एकदा डोंगरापलीकडच्या एका लग्नात वाजवणाऱ्यांना जेवायला गोठ्याच्या भिंतीपाशी उभं केलं. हसनने ताट घेतलंसुद्धा. रेमझीने काठ्या खाली ठेवल्या आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाला, "मेज लावा. पांढरा कपडा घाला. नाही तर नवरीला टाळ्यांवर नाचवा." पाहुणे खोळंबले, नवरी रडायला लागली, शेवटी मेज आलं. हसन खजील होऊन म्हणाला, "अरे, एवढं कशाला?" रेमझी म्हणाला, "तू जेव. भांडायचं मी बघतो."

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मात्र त्याचं भांडण चाललं नाही. सरकारने ठरवलं होतं की देशात आमच्यासारखी मुसलमानी नावं उरता कामा नयेत. चौदा जानेवारीला सकाळी बंदूकवाले शिपाई मोहल्ल्याच्या दोन्ही टोकांना उभे राहिले आणि बाप्यांना शाळेच्या हॉलमध्ये नेलं. बाहेर गुडघाभर बर्फ. आत एक मेज, मेजावर नावांची यादी, यादीमागे एक साहेब, साहेबाशेजारी शिक्के मारणारा कारकून. यादीतून दोन मिनिटांत नाव निवडायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. हसनची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "तुम्हीच ठेवा साहेब. बारसं तुमच्या घरचं आहे." साहेबाने असेन ठेवलं. रेमझीचा रुमेन केला. मला आंद्रेय. निवडायला जो नकार देई त्याला भिंतीशी नेत, आणि भिंतीशी काय होई ते ऐकू येई.

नव्या नावांचे जन्मदाखले आठवड्याने हातात पडले आणि तेव्हा तो प्रकार लक्षात आला. कारकुनाकडे दिवस-महिन्याचा रबरी शिक्का होता. तो मारायचा होता दाखला दिल्याच्या तारखेच्या चौकटीत. पठ्ठ्याने तो जन्मतारखेच्या चौकटीत मारला. दुपारच्या जेवणापर्यंत त्याने असे त्रेचाळीस दाखले हाणले. साल प्रत्येकाचं बरोबर, पण दिवस एकच. आजोबा चौदा जानेवारीचे, नातू चौदा जानेवारीचा, आणि शेजारचा ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नाही, तोही चौदा जानेवारीचा.

चूक दुरुस्त होत होती. अर्ज करायचा, खाली नव्या नावाने सही करायची. काहींनी केली. हसन गेलाच नाही. माझ्या खुर्चीत बसून म्हणाला, "आधी सही करायची की मी असेन आहे. मग सांगायचं की असेनची तारीख चुकली. असेनची कुठे चुकली आहे? असेन त्याच दिवशी जन्मला." तो हे हसत म्हणाला. रेमझी हसला नाही.

हसनचा खरा दिवस सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होता. सहा मे, हिदरेल्लेझ, आमचा वसंताचा सण. गावातली बल्गेरियन मंडळी त्याच दिवशी संत गेओर्गीचा सण करतात. दारादारात कोकरू कापतात, आणि हसनची आई सांगायची की दाराबाहेर नवरा कोकरू सोलत होता आणि आत मी कळा देत होते. दर वर्षी सहा मेला हसनच्या अंगणात सगळा मोहल्ला जेवायचा. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत एका लग्नाहून परतताना बसमध्येच त्याचं हृदय थांबलं. पुढच्या वर्षी कायदा झाला की ज्यांना हवं त्यांनी आपलं जुनं नाव परत घ्यावं. रेमझी रांगेत पहिला होता, मी दुसरा. आम्ही नाव घेतलं, तारीख घेतली. हसनला घेता आली नाही, कारण त्यासाठी माणसाला स्वतः हजर राहावं लागतं.

मग वर्षं गेली आणि गावाला साक्षात्कार झाला की आपल्याकडे एक थोर कलावंत होऊन गेला. ज्या गावाने त्याला लग्नांत आमची गाणी वाजवल्याबद्दल दोनदा नोकरीवरून काढलं होतं त्याच गावाने पुतळा उभारला. तारीख कागदावरून घेतली, नाव कागदावरून घेतलं. पहिल्याच वर्षी रेमझी ते बदलून घ्यायला सांस्कृतिक भवनात गेला. "पुढच्या वर्षी बघू, काका," असं त्याला सांगितलं. दुसऱ्या वर्षीही तेच. वीस वर्षं त्याच्या तोंडाला पानं पुसली.

तुम्ही म्हणाल, मग तो दर वर्षी त्या थंडीत ढोल घेऊन तिथे जायचाच कशाला? मीही विचारलं होतं. तो म्हणाला, "मी नाही गेलो तर ते खालच्या गावचा बँड आणतील. हसनच्या समोर परक्याचा ढोल नको." म्हणून जायचा. उणे आठ-दहात कातडं असं ताणलं जातं की काठी मारली की डबा वाजल्यासारखं वाजतं, आणि जातिवंत लाकडी क्लॅरिनेट तर असल्या थंडीत उघड्यावर तडकतेच. हसनने आयुष्यात कधी जानेवारीत उघड्यावर वाजवलं नाही. त्याचा वाढदिवस मात्र आम्ही गोठत साजरा करत होतो, आणि मी मुकाट टाळ्या वाजवत होतो, हे सांगायची लाज वाटते पण सांगतो.

यंदा हसनची ऐंशी वर्षं. रेमझी पंचाहत्तरचा. नोव्हेंबरात दाढी करताना तो मला म्हणाला, "आदेम, आमच्या बँडमधला मी एकटा उरलो. मी गेलो की सहा मे कोणाच्या ध्यानात राहणार? एकदा तरी त्याला त्याच्या दिवशी, त्याच्या नावाने हाक मारू दे यांना. मग मरायला मोकळा."

आम्ही दोघं सांस्कृतिक भवनाच्या संचालिकेकडे गेलो. गेर्गाना ताश्कोवा. बाई वाईट नाही. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. कॉफी दिली, खुर्ची दिली, आणि म्हणाली, "रेमझीकाका, मला पटतं हो. पण मला कागद लागतो."

"मी सांगतोय ना."

"तुमचं सांगणं म्हणजे आठवण झाली. मंत्रालयाला आठवण कशी पाठवू?"

रेमझी उठला. बाहेर येऊन म्हणाला, "कागद हवाय बाईला. देऊ कागद."

पुढचा महिनाभर पंचाहत्तर वर्षांचा हा माणूस घरोघर फिरला. त्रेचाळीसपैकी बरेच जण मेले होते, काही एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात सीमेपलीकडे तुर्कस्तानात गेले होते, बऱ्याच जणांनी तो दाखला रागाने चुलीत घातला होता. कोणी दारातच म्हणे, "रेमझी, उकरून काय मिळणार?" त्याचं उत्तर ठरलेलं: "तुला नाही मिळणार. दाखला दे." शेवटी अकरा जमले. सहा जिवंत माणसांचे, त्यात एक त्याचा, एक माझा. पाच विधवांकडचे. त्यातला एक झेकियेचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. झेकिये ब्याऐंशीची आहे, तिने तो दाखला नवऱ्याच्या टोपीत घडी करून ठेवला होता. म्हणाली, "टाकवला नाही. शिवी दिलेला कागद आहे, पण आहे त्याचा."

अकरा दाखले रेमझीने ताश्कोवाबाईंच्या मेजावर ओळीने मांडले. अकरा नावं, अकरा सालं, आणि प्रत्येकावर जन्मतारखेच्या चौकटीत तोच जांभळा शिक्का. बाईने एकेक पाहिला. तिचा चेहरा उतरला, हे मी खोटं नाही सांगणार.

"अरे देवा," ती हळू म्हणाली. "म्हणजे आपण इतकी वर्षं..."

"शिक्क्याचा वाढदिवस करतोय," रेमझी म्हणाला.

मला वाटलं, जिंकलो. बाईने दाखले एकावर एक नीट रचले आणि म्हणाली, "पण काका, कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे. राजधानीतले पाहुणे ठरले आहेत. विश्वकोशात हीच तारीख आहे. आणि मे महिन्याच्या सहाला कोण येणार हो? सगळे सणाला घरी. माझं नावच गेओर्गीवरून, माझ्या नावाचा सण त्याच दिवशी असतो. घरात तीस माणसं जेवायला."

रेमझीने दाखले उचलले. मग म्हणाला, "त्याच्याही घरी असायची."

"असं करू या," बाई घाईने म्हणाली. "नाव घालू आपण. पत्रकावर घालू. मी स्वतः बघते."

तिने शब्द पाळला. दहा दिवसांनी भिंतींवर पत्रकं लागली: असेन मिहायलोव, आणि शेजारी अवतरण चिन्हात, बारीक अक्षरात, 'हसन'. एखाद्या पैलवानाला किंवा पाकीटमाराला असतं तसं टोपणनाव! आईने ठेवलेलं नाव टोपणनाव झालं आणि यादीमागच्या साहेबाने ठेवलेलं खरं. मी पत्रक वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक खुर्चीत अर्धं भादरलेलं सोडून मी ते पत्रक फाडून आणलं. रेमझीने ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. इतका शांत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग म्हणाला, "आदेम, आपल्याकडे वाढदिवस असला की काय करतात?"

"खाऊ देतात."

"कोण देतं?"

"ज्याचा वाढदिवस असतो तो."

"मग झालं तर. डबे आणायला सांग सगळ्यांना."

आमच्याकडे ही रीतच आहे. ज्याचा वाढदिवस, त्याने डबा घेऊन कचेरीभर फिरायचं. समोरच्याने एक उचलायचं आणि शुभेच्छा द्यायच्या. नको म्हणायची सोय नाही, तो अपमान.

चौदा जानेवारीला चौकात शंभरेक माणसं होती. पुतळ्यासमोर लाल जाजम, माइक, राजधानीतले चार पाहुणे आणि आमचा महापौर दोयचेव. वय वर्षं चौतीस, दाढी मी करतो, डोक्याने हुशार, पण आपल्या जन्माआधी या गावात काही घडलं होतं असं त्याला कोणी सांगितलेलं नाही. रेमझी ढोल गळ्यात घेऊन एका बाजूला उभा. आम्ही दहा जण सणाच्या कपड्यांत, हातात लोकुमचे, साखरेत घोळवलेल्या मऊ वड्यांचे डबे.

पहिला शाबान पुढे झाला. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी. "घ्या साहेब. माझा वाढदिवस."

"अरे वा, आजोबा! असेन मिहायलोवांच्याच दिवशी? शतायुषी व्हा." महापौराने एक उचलला.

मग मी. "घ्या साहेब. माझाही."

"आदेम, तुझाही आज? बोलला नाहीस कधी."

मग झेकिये. "घे बाळ. माझ्या नवऱ्याचा."

मग चौथा, पाचवा, सहावी. महापौराने एका हातात चार लोकुम धरले होते, साखर कोटावर सांडत होती. पाहुणे आधी हसत होते. सातव्या डब्याला त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ताश्कोवाबाईंना तर पहिल्या डब्यालाच कळलं होतं. त्या खाली जाजमाकडे बघत उभ्या होत्या. आठवी, नववा, दहावी, प्रत्येकाने डब्यासोबत दाखला पुढे केला, आणि महापौराने ते शिक्के पाहिले.

आणि त्याने काय केलं माहीत आहे? माइक हातात घेतला. "बंधुभगिनींनो, केवढा हा योगायोग! ज्या दिवशी हा महान कलावंत जन्मला त्याच दिवशी या मोहल्ल्यात इतकी माणसं जन्माला आली. ही माती काही वेगळीच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने आम्हाला पुतळ्याभोवती उभं करून फोटो काढला. हातातला डबा महापौराच्या डोक्यात घालायचाच काय तो बाकी होता.

रेमझी माइकपाशी गेला. ढोल गळ्यातच.

"साहेब," तो म्हणाला, "चौदा जानेवारीला इथे कोणी जन्मलं नाही. शाळेत नेऊन नावं काढून घेतली आमची. शिक्का चुकीच्या चौकटीत पडला, आणि तुम्ही वीस वर्षं त्या शिक्क्याला फुलं वाहताय. तो सहा मेचा. मी सहा मेला वाजवीन. आज नाही वाजवणार."

त्याने गळ्यातला पट्टा काढला, ढोल पाठीवर टाकला आणि चालू लागला. कोणी अडवलं नाही. बर्फावरची त्याची पावलं चौकभर ऐकू येत होती.

कार्यक्रमात पुढे होतं: संगीत. संगीत तर निघून चाललं होतं. ताश्कोवाबाईंनी भांबावून ध्वनिक्षेपकवाल्याला खूण केली, काहीतरी लाव, त्याचंच लाव. भवनात एका जुन्या लग्नाची कॅसेट होती, प्रदर्शनासाठी उतरवून ठेवलेली. वीस वर्षं ढोल हजर होता म्हणून ती लावायची वेळच आली नव्हती आणि कोणी धड ऐकलीही नव्हती.

चारी खांबांवरच्या कर्ण्यांतून आधी भांड्यांचे आवाज आले, माणसांची गडबड, मग क्लॅरिनेट. चौतीस वर्षांपूर्वी मेलेला माणूस श्वास घेऊन वाजवत होता. मग ढोलाची थाप पडली, आणि तिच्यावर एक तरणा, रगेल आवाज माइकमध्ये ओरडला, "दे, हसन! दे, माझ्या राजा, आणखी दे! हसन वाजवतोय, मंडळी, आमचा हसन!"

तो रेमझीचा आवाज होता. नावं बदलल्यानंतरच्या उन्हाळ्यातलं लग्न ते. त्या हाकेबद्दल त्याला लग्नातून उचलून पंधरा दिवस आत टाकलं होतं. बाहेर आल्यावर पुढच्याच लग्नात त्याने पुन्हा तीच हाक मारली होती.

ताश्कोवाबाई कॅसेट बंद करायला धावल्या, मग मध्येच थांबल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. रेमझी कोपऱ्यापर्यंत पोचला होता. तोही थांबला, पण वळला नाही. कर्ण्यांतून पुन्हा हाक आली.

महापौर साखरेने चिकटलेले हात अंगापासून लांब धरून विचारत होता, "हा हसन कोण?"

झेकिये फोटोनंतर अजून त्याच्याजवळच होती. तिला भरभर बाजूला होता येत नाही.

"ज्याचा आज वाढदिवस नाही, तो," ती म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण लावलं.